जिन्यावाला आणि चुलीवाला

धाड गावाबाहेर नाल्याच्या अंगाला शालिग्राम माळ्याचा दीड एकराचा मळा होता. वांगी, मेथी, मिरच्या असा माल तो काढायचा आणि दिवसाआड एसटीने बुलढाण्याच्या बाजारात न्यायचा. माणूस कष्टाळू, बोलायला कमी. त्याला सिनेमाचं वेड कसं लागलं हे सांगायचं तर आधी कोकिळेचं सांगावं लागेल.

कोकिळा त्याची बायको, लोणारकडच्या सुलतानपूरची. तीन वर्षं ती धाडला नांदली आणि एका नागपंचमीला माहेरी गेली ती परत आलीच नाही. भांडण झालं नव्हतं, मारहाण तर कधीच नव्हती. शालिग्राम तिला आणायला दोनदा गेला. दुसऱ्या खेपेला सासऱ्याने, अर्जुनरावांनी, त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि जमिनीकडे पाहत सांगितलं, "पोरीचं मन नाई, जावईबापू. म्या लय समजावलं तिले."

आत कोकिळा भांडी घासत होती. घासण्याचा आवाज बाहेर येत होता. शालिग्राम चहा संपवून थोडा वेळ तसाच बसला. आवाज थांबला नाही आणि ती बाहेर आली नाही. पुढच्या वर्षी तिचा दुसरीकडे पाट लागल्याचं त्याला बाजारात कोणीतरी सांगितलं.

आईने, सत्यभामाबाईने, दुसऱ्या लग्नासाठी धोशा लावला. तो "पाहू, पाहू" म्हणत राहिला आणि त्यातच आई गेली. महाराष्ट्र झाला त्या वर्षाची ही गोष्ट. शालिग्राम तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

दिवसा मळ्यात काम असायचं, त्यामुळे वेळ जायचा. दिवस कलला की मात्र घर खायला उठायचं. त्या हिवाळ्यात रामरावांचा सिनेमाचा तंबू नेहमीसारखा बाजाराच्या मैदानात लागला. एका संध्याकाळी भोंग्यावर गाणी वाजत होती आणि शालिग्राम काहीही न ठरवता तिकडे चालत गेला. तंबूत बाया एकीकडे, गडी एकीकडे, सगळे मातीत बसलेले. अडीच तास माणसांत बसता आलं. मग तो रोजच जाऊ लागला. एकच खेळ चार-चार वेळा पाहायचा.

वस्तीची गाडी धाडला मुक्कामी राहायची आणि सकाळी बुलढाण्याला निघायची. त्या गाडीवरचा कंडक्टर म्हणजे देऊळघाटचा वामनराव. मॅट्रिक झालेला, गप्पिष्ट, आणि सिनेमाच्या बाबतीत शालिग्रामच्याही वरचा. ड्युटी जाईल त्या गावचं थेटर त्याने पाहिलेलं असायचं. एके सकाळी टपावर टोपल्या चढवताना शालिग्राम तंबूतलं गाणं गुणगुणत होता. वामनरावाने खालून विचारलं, "कोनाचं पिक्चर हाय ते, माहीत हाय का बे?"

शालिग्रामने हिरोचं नाव सांगितलं.

"हिरोचं नाई इचारून राह्यलो. केलं कोनं? दिग्दर्शक कोन?"

शालिग्रामला तो शब्द ठाऊक नव्हता. गाडी सुरू झाल्यावर वामनरावाने तिकिटं फाडली आणि मागच्या सीटवर त्याच्याशेजारी येऊन बसला. सिनेमाच्या सुरुवातीला जी नावं येतात त्यात सगळ्यात शेवटी येतं ते त्या माणसाचं, हे त्याने समजावून सांगितलं. माणूस कुठून चालत यावा, कुठे थांबावा, रडावं की नुसतं पाहत राहावं, हे सगळं तो ठरवतो.

"म्हंजे वाफे कुठी पाडाचे अन् पानी कुठून वळवाचं, हे त्याच्या हातात," शालिग्राम म्हणाला.

वामनराव खूश झाला. "हाव! बरोब्बर समजला तू."

तेव्हापासून शालिग्राम तंबूत पहिली नावं चुकू देईना. पण ती नावं परक्या मुलखातली, बरीचशी इंग्रजीत लिहिलेली, तोंडात न बसणारी. म्हणून दोघांनी आपली नावं पाडली. एका दिग्दर्शकाच्या प्रत्येक सिनेमात मोठा वाडा आणि त्यात वळणाचा जिना असायचा. नायिका वरून उतरायची आणि गाणं सुरू व्हायचं. तो झाला जिन्यावाला. दुसऱ्याच्या सिनेमात गरिबाघरची माणसं असायची आणि कुठेतरी एक बाई चुलीपुढे बसलेली दिसायचीच. तो चुलीवाला. वामनरावाचा जीव जिन्यावाल्यावर आणि शालिग्रामचा चुलीवाल्यावर.

दिवसाआड त्या गाडीत कचाकच वाद व्हायचे.

"चूल पाहाले थेटरात काऊन जावं मानसानं? घरी नाई का चूल?" वामनराव म्हणायचा.

"घरच्या चुलीकडं पाहाले येळ कोनाले हाय? त्यानं दाखोली म्हून पाह्यली."

"अन् जिना? धाडात हाय का एक तरी जिना? तो पाहाले जा ना!"

"त्या जिन्यावरून उतरनारी बाई कवा जेवते, काय जेवते, काई समजत नाई, वामनराव. बाईच वाटत नाई ते."

गाडीतली माणसं हसायची. कोणी या बाजूने बोलायचं, कोणी त्या. बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्यासुद्धा जिन्यावाला कोण अन् चुलीवाला कोण हे ओळखू लागल्या. ती तीन वर्षं शालिग्रामची चांगली गेली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो उद्याचे मुद्दे जुळवायचा.

मग चुलीवाल्याचा एक नवा सिनेमा आला. एका गावातला माणूस गिरणीत कामाला दूर शहरात जातो. पत्रं येतात, मग यायची थांबतात. बायको रोज संध्याकाळी दोघांचा स्वयंपाक करते, एक ताट झाकून ठेवते. शालिग्रामने तंबूत पाहिला तेव्हा शेवट असा होता: एका रात्री ती ते झाकलेलं ताट उचलते, अन्न कुत्र्याला घालते, चुलीत पाणी ओतते आणि अंधारात बसून राहते. तिथे दिवे लागले. लोक धोतरं झटकत उठले. शालिग्राम बराच वेळ उठला नाही.

दोन दिवसांनी गाडीत तो म्हणाला, "असं पिक्चर आजवर झालं नाई. त्यानं त्या मानसाले परत आनलं नाई, पाहा. दुसऱ्या कोनंबी आनला असता."

"आनलं नाई कसं?" वामनरावाने जालन्याला थेटरात तोच सिनेमा पाहिला होता. "येते ना तो! सकाळी दारात येऊन उभा राह्यते. बायको धावत जाते, त्याच्या पायावर पडते."

"नाई येत."

"अबे, म्या माह्या डोयानं पाह्यलं!"

"म्या नाई पाह्यलं का? चूल इझोते अन् संपते."

नेहमीचा वाद असता तर फाट्यापर्यंत मिटला असता. पण शालिग्रामचा आवाज त्या दिवशी वेगळाच चढला. तो उभा राहिला. गेलेलं माणूस येत नसतं, हे ज्याला कळलं तोच खरा दिग्दर्शक, असं काहीतरी तो मोठमोठ्याने बोलत होता. लोक वळून पाहू लागले. वामनरावही चिडला आणि बोलून गेला, "तुही बायको आली नाई म्हून पिक्चरमधल्यानंबी येऊ नाई का?"

गाडीत कोणी हसलं नाही. 

शालिग्रामने दोरी ओढून घंटी वाजवली. गाडी थांबली तशी तो मधेच उतरला, रानात, जिथे ना वस्ती ना फाटा. वामनराव दारात येऊन म्हणाला, "अबे चाल, बस. तोंडातून गेलं माह्या." शालिग्राम धाडच्या दिशेने चालू लागला होता. त्याच्या टोपल्या टपावर तशाच बुलढाण्याला गेल्या. संध्याकाळी वामनरावाने माल विकून आलेले पैसे रिकाम्या टोपल्यांत ठेवून मळ्याकडे पाठवले.

शालिग्रामने एसटी सोडली. शेजारच्या हिंमतरावांची बैलगाडी बाजाराला जायची, तिच्यात तो माल टाकू लागला. पोचायला उशीर व्हायचा, मेथी कोमेजायची, भाव पडायचा, पण तो ऐकेना. वामनराव दोनदा मळ्याच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत आला. दोन्ही वेळा शालिग्राम विहिरीपलीकडे जाऊन काम करत राहिला. चार-सहा महिन्यांनी वामनरावाची बदली मेहकरला झाल्याचं कळलं.

सिनेमा मात्र सुटला नाही. तंबू आला की तो जायचा. एकटाच बसायचा, एकटाच परतायचा. एखादा प्रसंग फार आवडला की त्याची मान आपोआप बाजूला वळायची, आणि तिथे कोणी भलताच शेंगा खात बसलेला असायचा.

सहा वर्षं गेली. एके दिवशी बुलढाण्याच्या बाजारात माल लवकर उठला. थेटरासमोरून जाताना त्याला भिंतीवर त्या जुन्या, गिरणीत गेलेल्या माणसाच्या सिनेमाचं पोस्टर दिसलं. सिनेमा दुपारच्या खेळाला पुन्हा लावला होता. शालिग्राम आत गेला. सगळं आठवणीबरहुकूम चाललं होतं. बाईने ताट उचललं, अन्न कुत्र्याला घातलं, चुलीत पाणी ओतलं. शालिग्राम सवयीने उठायला लागला. पण दिवे लागले नाहीत. मागून कोणीतरी "खाली बस" म्हणून ओरडलं.

पडद्यावर सकाळ झाली. दारात तो माणूस उभा होता, हातात पत्र्याची पेटी, दाढी वाढलेली. बाई चुलीतली ओली राख काढत होती. तिने सावली पाहिली. ती धावली नाही, पाया पडली नाही. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. राख काढली, नवी लाकडं रचली, फुंकर घातली आणि तवा ठेवला. माणूस दारातच उभा. तिथे सिनेमा संपला.

बाहेर कडक ऊन होतं. शालिग्राम थेटराच्या पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिला. तो माणूस आला होता. वामनराव खरं बोलत होता. पण ती धावत जाते, हे वामनरावाने आपल्या मनाने जोडलं होतं. दोघांनीही सिनेमा नीट पाहिला नव्हता.

त्या हिवाळ्यात तंबू लागल्यावर त्याने रामरावांना गाठून त्या शेवटाबद्दल विचारलं. रामरावांनी डोकं खाजवलं. "ते व्हय? शेवटचं रीळ जळेल होतं त्याचं. कोनी काई बोललं नाई, लोकायले वाटलं तितलंच हाय. तुमीच पयले इचारनारे."

दुसऱ्या दिवशी शालिग्रामने धुतलेलं धोतर नेसलं, वांगी निवडून एका पिशवीत भरली आणि मेहकरची गाडी धरली. वाटेत तो बोलायचं जुळवत होता. वामनराव, तो येते, तुमचं खरं. पन ते बाई पाहत नाई त्याच्याकडं. आता सांगा, तिनं तवा ठेवला तो कोनासाठी? एवढ्या एका प्रश्नावर मेहकर ते धाड वाद पुरला असता.

वामनराव आता गाडीवर नव्हता. स्टँडावरच्या खोलीत गाड्यांच्या नोंदी करत बसला होता. अंगाने सुटलेला, चष्मा लागलेला. शालिग्रामला पाहताच तो खुर्चीतून उठला, खांद्याला धरून त्याला बाकावर बसवलं, चहा सांगितला.

"अबे, किती दिवसानं! वांगे आनले? तुह्या वांग्यासारखी चव नाई इकडं."

शालिग्राम म्हणाला, "वामनराव, ते पिक्चर म्या पुऱ्हं पाह्यलं."

"कोन्तं?"

शालिग्रामने सांगायला सुरुवात केली. गिरणी, पत्रं, झाकलेलं ताट. वामनराव मान हलवत होता आणि खिडकीतून बाहेर पाहत होता. मधे दोन गाड्या आल्या, त्याने उठून नोंद केली. शालिग्राम थांबायचा आणि पुन्हा तिथूनच सुरू करायचा. शेवटी तो तव्यापर्यंत आला.

"असंन," वामनराव म्हणाला. "मले नाई आठवत गड्या. आता कुठी पाह्यनं होते? पोरीचं लग्न काढलं औंदा. आपन काय पागल होतो ना तवा! कोन तो... पायरीवाला?"

"जिन्यावाला."

"हाव, जिन्यावाला!" वामनराव मनापासून हसला. मग चहाचा कप खाली ठेवत त्याने विचारलं, "तुले लेकरं किती हायत?"

शालिग्रामने त्याच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. गाडीतल्या त्या सकाळचं वामनरावाला काहीच आठवत नव्हतं.

"नाई," शालिग्राम म्हणाला. "लेकरं नाईत."

"होतील, होतील," वामनराव म्हणाला आणि आलेल्या गाडीसाठी उठला.

परतताना शालिग्रामला खिडकीची जागा मिळाली. सहा वर्षं त्याने जो राग जपला होता तो आता कोणावर ठेवावा हे त्याला कळेना. वामनराव वाईट माणूस नव्हता. तो फक्त पुढे निघून गेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यातली वच्छलाबाई मिरच्या तोडत होती. तिला शालिग्रामच्या मळ्यातून दोन माणसांचं भांडण ऐकू आलं. एक जण शांतपणे बोलत होता, दुसरा तावातावाने त्याला खोडून काढत होता, त्याला "अबे" म्हणत होता. कोणी पाहुणा आला असावा म्हणून ती धुऱ्यावर चढली. शालिग्राम एकटाच वांग्यांना पाणी देत होता.

"कोनासंग बोलून राह्यले, भाऊ?"

तो दचकला. "कोनासंग नाई, बाई. पिक्चरचं चाललं होतं."

तिने दोन-चार जणींना सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला. लोक मळ्यावरून जाताना थांबून कान देऊ लागले. शालिग्रामच्या ते लक्षात आलं आणि तेव्हापासून तो हळू आवाजात बोलू लागला.