डावीकडची सीट थंड नव्हती

आधी माझी चूक दुरुस्त करते. राणीसावरगावच्या प्रवासावरच्या लेखात मी लिहिलं होतं की आमच्या जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरचे पाय भाजतात, पण डावीकडची सीट थंड असते, म्हणून वयस्क माणसांना तिथं बसवा. हे चूक आहे. डावी बाजूच जास्त तापते. त्या प्रवासात तिथं बाबा बसले होते. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही आणि तेवढ्यावरून मी लिहून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी आईला त्यांच्या उजव्या तळपायावर रुपयाएवढा फोड दिसला. बाबांना मधुमेह आहे. फोड आलाय हे त्यांना कळलंच नव्हतं.

माझं वाचून कुणी घरच्यांना तिथं बसवलं असेल तर मनापासून माफी मागते. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, रेल्वेतली कारकुनी सांभाळून बाबांनीच मला घरी शिकवलं. "मोजल्याबिगर लिहायचं न्हाई," हा त्यांचा पहिला धडा. मी तो त्यांच्याच पायाच्या बाबतीत विसरले.

फोड भरल्यावर आम्ही दोघं जिंतूरला निघालो. जुन्या जीपवर हात बसलेले मेकॅनिक रफिकभाई तिथं असतात. बाबांना मी मागच्या बाकावर बसवलं.

"मी काय सामान हाय का?"

"सामान गप बसतं, बाबा."

आमच्या पूर्णेहून सकाळी सहाला निघालं तर ऊन चढायच्या आत पोचता येतं. परभणीत चहा आणि गरम भजी घेतली. पुढे सोयाबीनची काढणी चालू होती. कडेला अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, त्यामुळे सावकाश चालवा.

रफिकभाईंनी बंदुकीसारखं तापमापक जीपच्या फरशीवर रोखलं. उजवीकडे सेहेचाळीस अंश, डावीकडे त्रेसष्ट.

"ताई, ह्याच्यावर पापड भाजतेत!" मग ते बाबांकडे वळले. "साहेब, तुमी हितं पाय ठेवून बसले? पाय हायेत का लाकडं?"

"रेल्वेचे हायेत, पक्के," बाबा हसले. मला हसू आलं नाही.

दोष तीन निघाले. इंजिनाला जिथं सायलेन्सरचा पाइप जोडतात तिथलं पॅकिंग फाटलं होतं, त्यातून गरम धूर खालून फरशीवर येत होता. हे आधी बदला, कारण तो धूर आत शिरला तर उष्णतेपेक्षा वाईट. दुसरं, गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर चिरलेलं आणि वायरी जातात ती भोकं उघडी, तिथून गरम हवा आत. तिसरं, पाइप फरशीच्या अगदी जवळून जातो. रफिकभाईंनी पॅकिंग आणि रबर बदललं, भोकं बुजवली, मग पाइप आणि फरशीच्या मधे ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, पण फरशीला चिकटवून नाही. वायसर घालून बोटभर फट ठेवली.

"हवा खेळायला पायजे. चिकटवला तर तवाच झाला की." आत गोणपाट अंथरायचा माझा बेत त्यांनी एका शब्दात मोडला, "जळंल." तेल सांडलेलं गोणपाट पेटायला वेळ लागत नाही.

काम संपेपर्यंत आम्ही समोरच्या खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. सगळा खर्च तेवीसशे, मजुरीसकट. थोडं फिरवून आणून पुन्हा मोजलं: डावीकडे एकेचाळीस. मी दोनदा मोजलं.

"आता थंड झाली. दे इकडं," म्हणत बाबांनी चावी घेतली. त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मला नाही म्हणवेना. मी डावीकडे बसले, चप्पल काढून. फरशी खरंच निवली होती.

पहिला गतिरोधक आला. बाबांनी खाली बघितलं, मग ब्रेक दाबला. पुढे बैलगाडी आली. पुन्हा आधी खाली, मग ब्रेक. तिसऱ्या वेळी समोरून एसटी येत होती आणि त्यांची नजर पायाकडे होती.

"बाबा, खाली काय बघायलात?"

"पाय कुठं हाय ते बघायलो. न्हाई बघितलं तर कळत न्हाई." दुपारचं ऊन वाढलंय म्हणावं तितक्या सहज ते म्हणाले.

"चहा घेऊ," मी म्हणाले. टपरीपाशी उतरल्यावर पुढे जीप मी चालवते म्हणून सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ते डावीकडे जाऊन बसले.

घरी येऊन चार दिवस झाले. बाबा शेजाऱ्यांना बोलावून फरशीला हात लावायला लावतात. "बघा, माठावानी!" मी मात्र माझा जुना लेख उघडून बसते. तापलेली फरशी पत्र्यानं निवली. ज्या पायाला ती तापल्याचं कळलं नाही, त्याला ब्रेकही कळत नाही, हे फोड दिसला त्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पायाच्या तपासणीसाठी परभणीच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतली आहे. दर बुधवारीच बाबा एकटे जीप घेऊन शेतावर जातात, सातच्या ठोक्याला. ते रागावतील, कदाचित दिवसभर बोलणार नाहीत. तरी जीप मीच चालवणार, आधी परभणीला, मग शेतावर, आणि यापुढे नेहमीच. येत्या बुधवारी, सातच्या आधी, मी त्यांच्याकडे चावी मागणार आहे.