गायकर मामांची वॉलबी

गायकर मामांसमोर कुणी ‘कांगारू’ म्हटलं की हातातलं फडकं थांबायचं आणि ते विचारायचे, “कंचा?”

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. दहावी नापास. तासाला तक्ते धरून उभं राहण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, पण उभ्याउभ्या ऐकलेलं सगळं डोक्यात राहिलं. मुलांना ते सांगायचे, “ह्ये एक जनावर न्हाई, भावकी हाय. थोरला कांगारू, मदला वॉलरू, धाकली वॉलबी. काही झाडावर ऱ्हात्यात. उंदरावानी बारकी, ती चुलत शाखा. आन् थोरल्या-धाकल्यातली रेघ मानसानं वडलीय, आकार बगून.”

पूजा आमची विद्यार्थिनी, पाथर्डीकडची. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली, ती प्रॅक्टिकलच्या तोंडावर परतली. मामांनी डबा खायच्या सुट्टीत तिला शिकवलं. लॅबमधली जुनी कवटी तिच्या हातात दिली. “दाढा बग. झिजून सपाट झाल्यात, म्हंजी जनावर म्हातारं. म्हाताऱ्याची कवटी येवढी ल्हान, तर त्यो थोरला कसा आसंल?”

परीक्षेत नेमकी तीच कवटी आली. पेटीवर जुनं लेबल होतं, ‘कांगारू’. पूजा म्हणाली, वॉलबी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लाल रेघ मारली. “वर लिहिलेलं वाचता येत नाही?”

अंतर्गत परीक्षक मी होतो. ती बरोबर आहे हे मला कळत होतं. पण सकाळपासून ती चौथी बॅच होती, डोकं उठलं होतं, वाद नको वाटला. मी हजेरीचा कागद चाळत राहिलो.

मागून मामा म्हणाले, “सायेब, दाढा बगा. पोरगी बरूबर सांगतीय.”

परीक्षकांची तक्रार वरपर्यंत गेली. मामांकडून लेखी माफी मागवली. त्यांनी लिहून दिलं, ‘मधे बोललो त्याबद्दल माफी असावी. कवटी वॉलबीचीच आहे.’ दुसऱ्या वाक्यामुळे त्यांना सायकल स्टँडवर बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत. पूजा काठावर पास झाली. तिचे गुण कुणी बदलले नाहीत, मीही तसा अर्ज केला नाही.

गेल्या वर्षी भंडारदऱ्याकडे जाताना मी त्यांच्या गावी उतरलो. भातकापणी चालू होती. मामा वाकले होते, गुडघे दुखत असावेत. कितीतरी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य मी एकदाचं बोललो. “मामा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.”

‘जाऊ द्या सर’ असं ते म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती.

त्यांनी विळा खाली ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

“व्हय,” ते म्हणाले. “पायजे हुतं. पोरगी तुमच्याकडंच बगत हुती.”

मग बांधावर बसले आणि थोडं सरकून त्यांनी मला जागा करून दिली.