टाकीचं बहुमत

लोकहो, उभे असाल तर बसून घ्या, गोष्ट गंभीर आहे. जबलपूरच्या विजय नगरात एक घर असं होतं, जिथे टाकीत पाणी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार पाण्याला नव्हता. तो बहुमताला होता.

घर आमच्या शेजारच्या काकांचं. विमानांचे सेन्सर तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "एकाचं ऐकाल तर पडाल. तिघांना विचारा, दोघांचं माना," असं ते सांगायचे. विमानात ठीकच आहे हो, पण काकांनी ते घरी आणलं. बैठकीत तीन थर्मामीटर. त्यातले दोन गारठल्याशिवाय काका स्वेटर घालत नसत.

चहा काका, काकू आणि मी असे तिघं चाखायचो. एकदा आम्ही दोघांनी गोड ठरवला.

"अहो, तुम्हाला फिका लागला ना? साखर देऊ?" काकूंनी विचारलं.

"नको. मी अल्पमतात आहे," म्हणत काकांनी तोंड वाकडं करून कप संपवला.

आता ते नाहीत. काकू चहा करतात, आम्ही दोघं चाखतो, आणि मत एकास एक पडलं की निकाल लागतच नाही.

तर तो टाकीचा दिवस, काका असतानाचा. काकांच्या लेकीनं स्वतः मुलगा पसंत केला होता. त्याचे वडील नागपूरहून येणार होते आणि होकार त्यांच्या हातात होता. नेमके सकाळी नळ कोरडे! टाकीतला एक सेन्सर 'रिकामी' सांगत होता, दोन 'भरलेली'. म्हणून मोटर सुरू होईना.

काकू शिडीवर चढल्या. "अहो, ठणठणीत कोरडी आहे! काहून अडून राहिले?"

"अच्छा. हे एक मत झालं," काका म्हणाले.

मी चढलो. मीही कोरडीच म्हणालो.

"चालणार नाही," काका म्हणाले. "तुम्ही दोघं एकाच किटलीतला चहा पिता, चुकलात तर सोबत चुकाल. वेगळ्या बनावटीचा साक्षीदार पाहिजे."

"मग तुम्हीच बघा ना!"

"ज्यानं सेन्सर बसवले, त्यानं साक्ष द्यायची नसते."

"भैया, बाबांना आवरा," लेक माझ्या कानाशी रडवेली झाली, "नाहीतर माझं लग्न या टाकीत जाईल."

तेवढ्यात पाहुणे आलेच. कडक इस्त्री, सुटलेलं पोट, नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापासूनची धूळ अंगावर. "हात धुवाले जरा पाणी मिळन का?" त्यांनी विचारलं.

काकांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. डोळे लकाकले. "वा! बनावट अगदी वेगळी!" असं म्हणून त्यांनी पाहुण्यांचा दंड धरला आणि थेट शिडीशी नेलं.

काकूंनी कपाळावर हात मारला. लेकीनं डोळे मिटले. पाहुणे एकेक पायरी धापा टाकत चढले, झाकण सरकवलं, आणि खांद्यापर्यंत टाकीत गेले. बराच वेळ नुसतं पोट दिसत होतं. मग आतून घुमत आवाज आला,

"अहो व्याही, कोरडी आहे ना टाकी! अन् हे दोन सेन्सर एकाच खिळ्याले काहून टांगून ठेवले?"