रामटेकचा चढ आणि मामांची हवा

हवेचा जितका विचार माझ्या मामेसासऱ्यांनी केला आहे, तितका खुद्द वाऱ्यानेही केला नसेल. बायकोचे मामा म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरला हवा देणाऱ्या पंख्यांवर त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले तेव्हा पंखे तिथेच राहिले, हवा मात्र मामा घरी घेऊन आले. "कोळसा कोणीबी टाकते जी जवाईबापू, हवा द्याले अक्कल लागते," असं सांगता सांगता ते समोरच्याच्या घराची एखादी खिडकी उघडून टाकतात. आमच्या लग्नात मांडवातल्या कूलरचं तोंड चुकलंय, हे त्यांना ऐन होमाच्या वेळी जाणवलं. त्यांनी ते फिरवलं. गुरुजींनी तीनदा अग्नी पेटवला आणि मामांच्या गार हवेने तो तीनदा विझला. गुरुजी अजून मला ओळख देत नाहीत.

या माणसाकडे एक लाल स्पोर्ट्स कार आहे. दोन सीटची, छप्पर मागे दुमडणारी, बुटकी इतकी की चालवणारा रस्त्यावरच मांडी घालून बसलाय असं वाटावं. उमरेडकडच्या खाणीतले एक म्हातारे साहेब गाव सोडून गेले, तेव्हा मामांनी ती घेतली. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात, लग्नाच्या वाढदिवसाला, ते मामींना घेऊन रामटेकला गेले. गडाच्या शेवटच्या वळणावर गाडीला धाप लागली. मामा म्हणाले, "उतर वं जरा." नवी नवरी उतरली, हलकी झालेली गाडी वर गेली, आणि ती शालू सावरत उरलेला चढ चालून गेली. तेव्हापासून चाळीस वर्षं, दर मे महिन्यात, तेच वळण, तीच धाप आणि तेच 'उतर वं'.

यंदा मामींचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चढ चढायला साफ मनाई केली. मामींनी स्वयंपाकघरातून जाहीर केलं, "यंदा मी उतरणार नाही. तुमची गाडी मले घेऊन वर चढली त चढली, नाही त त्या मिहानच्या पोराले विकून टाका." मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांमधला एक इंजिनियर दोन वर्षांपासून गाडी मागत होता. मामींनी आयुष्यात कधी धमकी दिली नव्हती, त्यामुळे मामा दोन घास कमी जेवले. मग हात धुऊन मला म्हणाले, "गाडीत दोष नाही जी. तिले गरम हवा भेटून राहिली. नागपूरच्या मे महिन्यात बंद बोनेटमधली हवा पिऊन कोण चढ चढन? तुम्ही चढसान?" मी नाही म्हणालो. मला तर जिना चढतानाही दम लागतो.

झालं, मामा कामाला लागले. हवा कुठून येते ते पाहायला हातात पेटती उदबत्ती घेऊन ते रोज सकाळी उघड्या बोनेटभोवती फिरायचे. धूर जिकडे ओढला जाई तिकडे खडूने खूण करायचे. शेजारच्या काकूंना वाटलं, गाडीची काही पूजा चाललीय. चौथ्या दिवशी त्या हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. मामांनी अजिबात न गडबडता नारळ घेतला आणि म्हणाले, "थोडं सरका बाई, तुमच्यामुळे हवेचा ड्राफ्ट बदलून राहिला."

पुढची मजल अशी, की फक्त नागपूरकरच मारू जाणे. घराला जसा कूलर, तसा इंजिनाला का नाही? त्यांनी समोरच्या जाळीमागे एक पेटी बसवली, तिच्यात वाळ्याची ताटी लावली आणि वरून छोट्या पंपाने पाणी सोडलं. पहिला किलोमीटर गाडी हरणासारखी पळाली. दुसऱ्या किलोमीटरला ती पाणी प्यायली. भर चौकात ठसका लागावा तशी खोकत ती बंद पडली, आणि वाळ्याचा असा घमघमाट सुटला की सिग्नलला थांबलेले लोक गाड्यांच्या काचा खाली करून वास घेऊ लागले. ढकलत घरी मी आणली. मामा बाजूने चालत मला, कोणत्या अंगाने ढकललं की वारा कमी लागतो, ते समजावत होते.

शेवटी त्यांनी साधंच केलं, आणि साधं केलं तेव्हा मात्र मी मनोमन हात जोडले. वाळा गेला, पाणी गेलं. समोरच्या जाळीपासून थेट कार्ब्युरेटरपर्यंत अॅल्युमिनियमचा जाड पाइप, मोठा फिल्टर, आणि इंजिनची धग लागू नये म्हणून भोवती पत्र्याचं कुंपण. एकेक सांधा उदबत्तीने तपासलेला. सत्तरीच्या माणसाचे हात, पण जरा म्हणून थरथरत नव्हते. रोज काम संपलं की पाइपाच्या तोंडावर ते फडकं बांधायचे. "मशीन बंद, तोंड बंद," हा कोराडीतला शिरस्ता, नाहीतर चिमण्या आत घर करतात.

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही उजाडताच निघालो. पुढे गाडीत ते दोघं, मागे स्कूटरवर मी, पाण्याचा कॅन घेऊन. गाडी जरा मंदच वाटत होती. मामा म्हणाले, तिला नवीन आहे, शिकेल. रामटेकला पोहोचेपर्यंत ऊन चटके देऊ लागलं होतं. गड सुरू झाला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि शेवटच्या वळणावर गाडीला तीच जुनी धाप लागली. एक आचका, दुसरा आचका, आणि इंजिन बंद.

मामांनी हँडब्रेक ओढला. मी स्कूटर लावून धावत गेलो. त्यांचा चेहरा मला पाहवेना. ते मामींकडे न बघता हळूच म्हणाले, "सोमवारी त्या पोराले फोन करतो."

मामी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग एकदम कडाडल्या, "अवो, पण डोक्याले दुपट्टा काहून नाही बांधला? एवढ्या उन्हात निघाले बोडक्याने! लू लागन ना!"

मामांनी डोक्याला हात लावला. हात तिथेच थांबला. मे महिन्यात नागपूरचा माणूस एक वेळ चप्पल विसरेल, दुपट्टा विसरत नाही. "अरे देवा!" म्हणत ते उतरले, समोरच्या जाळीत हात घातला, आणि पाइपाच्या तोंडावर बांधलेला पांढरा दुपट्टा ओढून बाहेर काढला. आदल्या दिवशी फडकं सापडलं नव्हतं. इतकी सगळी हवा गाडीने त्या कापडातून गाळून घेतली होती!

मामींना हसू आवरेना. मामांनी काळा गोल उमटलेला तो दुपट्टा तसाच डोक्याला गुंडाळला आणि चावी फिरवली. काय सांगू, असा आवाज मी त्या गाडीचा कधी ऐकला नव्हता! मामींसकट ती वळण चढून गेली, आणि मागे वळणावर मी एकटाच वेड्यासारखा टाळ्या वाजवत राहिलो.

मी वर पोहोचलो तेव्हा दोघं गाडीतच बसले होते. एवढा पराक्रम झाला, पण मामी मान वळवून खालच्या वळणाकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं तो चढ चालून आली मी. वर पोचली की हे सरबताचा ग्लास घेऊन वाट पाहत उभे दिसत. आज वर कोणीच उभं नव्हतं."

मामा उतरले, समोरच्या हातगाडीवरून लिंबाच्या सरबताचा ग्लास आणला आणि मामींच्या बाजूच्या दाराशी येऊन उभे राहिले. "घे वं."

मामींनी ग्लास घेतला. "गाडी विकू नका," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली गुडघ्यांनी साथ देली, त मी आपली त्या वळणावर उतरीन थोडी. तुम्ही वर थांबा."

"थांबतो ना," मामा म्हणाले, आणि रिकामा ग्लास परत घ्यायला तिथेच उन्हात उभे राहिले.