मी मागितलेला पुरावा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही – कारण यात तिचे वडील आहेत.

ऐंशीच्या दशकात सौंसरजवळच्या एका खेड्यात मी सरकारी डॉक्टर होतो. कोणी म्हणालं, अमक्या पाल्यानं कावीळ बरी होते, की मी विचारायचो – किती जणांना दिला? न देता किती बरे झाले? लोक उठून जायचे. मला मजा वाटायची. काय माज होता तो!

सासऱ्यांची संत्र्याची बाग होती. रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक होती – आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी डॉक्टर, मला ते दिसत नव्हतं? दोन वर्षांत त्यांच्या छर्‍यांनी तीन मजूर जखमी झाले. छर्रे मीच काढले. दर वेळी सासरे म्हणाले, "जवाईबापू, काटेरी तार लागली म्हणून लिहा ना. पोलिसाचं लफडं कायले?" मी लिहिलं. मजूर बोलले नाहीत. त्यांना उद्या त्याच बागेत जायचं होतं. मला कुठं जायचं होतं?

मग तहसीलदारांनी बैठक बोलावली. त्यांचं म्हणणं साधं होतं – परवाना नवा करताना डोळे तपासायचे, आणि संत्र्यांची तोडणी चालू असताना बागेत बंदूक चालवायची नाही. मी उठलो. दवाखान्याचं रजिस्टर उघडून म्हणालो, "पुराव्याशिवाय मी औषध देत नाही, तुम्ही नियम कसा करता? यात छर्‍याची एकही जखम नाही."

एकही! पुरावा मीच गिळला होता, आणि वर पुरावाच मागत होतो. तहसीलदारांनी कागद मिटला. बागवाल्यांनी मला चहा पाजला. मी तो प्यायलोही.

त्याच हंगामात बागेतली एक मजूर, शेवंताबाई, झाडाखाली वाकून संत्री टोपलीत भरत होती. सासऱ्यांना डुक्कर दिसलं.

तिच्या गालातून मी दोन छर्रे काढले. डोळा नागपूरला काढावा लागला. नियम असता तर तो वाचला असता? खात्रीनं सांगता येत नाही – हे वाक्य मी वर्षानुवर्षं स्वतःला पाजत आलो. थू!

पंधरा दिवसांनी ती दवाखान्यात आली. डोळ्यावर पट्टी होती.

"साहेब, बंदुकीनं डोळा गेला, एवढं लिहून द्या. मालक म्हणते, तू तारेवर पडली. मी काय खोटं बोलून राहिली का?"

मी म्हणालो, "बाई, पुरावा काय?"

ते दोन छर्रे तेव्हा माझ्याच टेबलाच्या खणात होते, कापसात गुंडाळलेले.

उरलेल्या डोळ्यानं ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पदर तोंडावर ओढून बाहेर गेली. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.