पुंजाजीचा एक घोट

लोणारच्या डाक बंगल्याचा खानसामा पुंजाजी बियरच्या बाबतीत कोणाचं ऐकत नसे, साहेबाचंही नाही. बंगल्याच्या कोठीत ती कडक, कडू विलायती बियर चार-चार वर्षं मुरत पडलेली असे. त्यातली कुठली बाटली द्यायची, हे तोच ठरवी. एक घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. गाव त्याला दारुड्या म्हणे. म्हणो! कसोटी त्याच्या आईची होती. पाडव्याला कडुनिंबाचा पाला गुळात वाटून देताना ती सांगायची, कडूच्या मागून गोड आलं पाहिजे.

एकदा सरोवर पाहायला नागपूरहून नवा साहेब आला. त्याच्यासमोर पुंजाजीनं पहिली बाटली चाखली आणि सरळ अंगणात ओतून दिली. दुसरीचंही तेच केलं. साहेब ताडकन उठला.

"हमारा बियर फेंकता है? हम बोला, अच्छा है!"

"तुम्ही चाखली कुठी, साहेब? निस्ती कडू हाय. मागून काहीच येत नाही."

बाहेर काढलेल्यांपैकी आता एकच बाटली उरली होती. साहेबानं हात पुढे केला, पण पुंजाजीनं ती सोडली नाही.

"चाखल्याबिगर मी देत नसतो."

त्यानं घोट घेतला, डोळे मिटले, थुंकला. मग पेला भरून साहेबापुढे ठेवला.

साहेबानं तो शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मग त्यानं दुसरा पेला भरला आणि स्वतःच्या हातानं पुंजाजीपुढे धरला.

"मी पेत नाही, साहेब," पुंजाजी म्हणाला. "मले निस्तं समजते."