बोंबलाला नाय म्हणणारा

मुलुंडहून लग्न होऊन मी वेसाव्याच्या कोळीवाड्यात आले, तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "माझ्या सुक्या बोंबलाला नाय म्हणनारा अजून जन्मायचा हाय!" अंधेरीच्या बाजारात त्यांची, म्हणजे कमळबाईची, टोपली उतरायची खोटी, गिऱ्हाईक तुटून पडतं. त्यामुळे मी निमूट मान डोलावली.

यंदा तो जन्मला, आणि तोही आमच्याच माळ्यावर! तपकिरी, गलेलठ्ठ, मांजरालाही भीक न घालणारा उंदीर.

पावसात होड्या बंद असतात. तेवढ्या दिवसांत मामंजींनी घरी बसून नवं जाळं विणलं. नारळी पौर्णिमा झाली की तेच समुद्रात जायचं. सणाच्या तोंडावर बघतो तर जाळ्याला भोक!

"अजून एकदा चावला तर आपली होडी किनाऱ्यालाच," मामंजी भोक सांधत म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

सासूबाई पेटल्या. पिंजऱ्यात निवडून निवडून जाड बोंबील लावला. उंदीर आला नाही. मग भाजून लावला, सगळ्या गल्लीच्या तोंडाला पाणी सुटलं. उंदीर पिंजऱ्यावरून चालत गेला!

"माज बघ मेल्याचा!" जाळ्यापेक्षा हाच अपमान त्यांना जास्त झोंबला.

पौर्णिमेच्या सकाळी मी नारळीभातासाठी खोबरं खवत होते. धप्प! माळ्यावरून उंदीर भर दिवसा खाली, आणि माझ्यासमोरून खोबऱ्याचा तुकडा घेऊन पसार! मी किंचाळले. सासूबाई मात्र जागच्या जागी उडी मारून ओरडल्या, "कळला! कळला!"

बोंबील भिरकावला, खोबरं लावलं. आम्ही तिघं श्वास रोखून दाराआड. खट्ट! पडला पिंजरा! मामंजींनी जाळं छातीशी धरलं, सासूबाईंनी मला गरागरा फिरवलं. आनंदाने मला रडूच आलं.

मग माळा झाडायला चढलो. बोंबलाची गोणी खालून कुरतडून अर्धी रिकामी! पठ्ठ्या पावसाळाभर तेच खाऊन कंटाळला होता.

संध्याकाळी होडी नवं जाळं घेऊन पाण्यात सरकली. सासूबाई इतक्या ओरडल्या की घसा बसला. मी म्हटलं, "आई, उद्या बाजारात सगळ्यांना सांगा ना, कसा पकडला ते!"

त्यांनी माझा दंड करकचून धरला आणि बसक्या आवाजात म्हणाल्या, "खबरदार! कमळच्या बोंबलाला उंदीर पन तोंड लावत नाय, असा बोलतील लोक."